विहीणबाई, भात उरलाय

विहीणबाई, तुमच्या लेकीनं, माझ्या सुनेनं, मला विचारलं, "आत्याबाई, माझ्या आईला खायला काय आवडायचं हो?" आणि मी गप्प बसले. मी, आणि गप्प! तुम्ही असता तर म्हणाला असता, थर्मामीटर आणा, ह्यांना ताप आलाय.

तुम्हाला जाऊन महिना होत आला, तुमचं महिन्याचं पान चार दिवसांवर आलं होतं. मंजिरी टेबलाशी बसून ठरवत होती, आईच्या पानात काय काय वाढायचं. पुरण तर पाहिजेच, म्हणाली. अळूची भाजी करू. गव्हल्यांची खीर करू. मग थांबली. "पण हे सगळं आई आमच्यासाठी करायची. तिला स्वतःला काय आवडायचं? मला माहीतच नाही." तुम्ही गेलात त्या दिवशी ती रडली नव्हती. दहाव्यालाही नाही. आल्यागेल्याला चहा, पाणी, खुर्च्या, सगळं तिनं कोरड्या डोळ्यांनी केलं. आणि आता अळूच्या भाजीवरून टेबलावर डोकं टेकून लहान पोरीसारखी रडायला लागली.

मला माहीत होतं. अख्ख्या घरात मला एकटीला माहीत होतं. आणि तुम्ही माझा हात तुमच्या गळ्याला लावून शपथ घातलेली, मंजिरीला सांगायचं नाही म्हणून. आता सांगा, माणसानं करावं काय?

तुम्ही तारनाक्याच्या ह्या फ्लॅटमध्ये राहायला आलात, ते दिवस आठवतात का? तुमचे वकीलसाहेब गेल्यावर जामबागेतलं घर तुम्हाला खायला उठलं. त्यात गुडघे गेलेले. मंजिरी म्हणाली, आई आता आपल्याकडं राहील. माझा सुनील म्हणाला, हौ. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी हौच म्हटलं असतं, पण अवघडच होतं की. विहिणी म्हणजे लग्नात एकमेकींचा मानपान करायचा, पाय धुवायचे, साडी द्यायची, रुसायचं, आणि आपापल्या घरी जायचं. एका स्वैपाकघरात दोघींनी कसं राहायचं, ह्याचे नियम कुणी करून ठेवलेलेच नाहीत. पहिले चार दिवस आपण दोघी दारातच "तुम्ही आधी", "नाही, तुम्ही आधी" करत उभ्या. ईशा, आपली नात, म्हणाली, "दोन्ही आज्या मिळून दारात ट्रॅफिक जाम करतात."

पाचव्या दिवशी मी कालचा भात काढला आणि मानपान संपला.

मी कढई ठेवली, तर तुम्ही पदर नाकाला लावलात. "शिळा आहे का हो?" असं विचारलंत, जसं काही मी उंदीर शिजवते आहे. मी म्हटलं, कालचा आहे. तुम्ही म्हणालात, "आमच्याकडे एकदा उतरलेला भात पुन्हा चुलीवर चढत नाही. गाईला जातो." मला राग आला, खोटं कशाला सांगू. मी म्हटलं, "तुमच्याकडं भात रोज असायचा. आमच्या परभणीकडं घरची ज्वारी. भात सणाला. सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलेल्या भाताला आई तेल-मोहरी-लसणाचा बगार द्यायची, तो आमचा दुसरा सण. तो गाईला घातला असता तर आम्ही पोरं गाईच्या दावणीला जाऊन बसलो असतो."

तुम्ही हसला नाहीत. मंजिरी हसली, पण तिनंही तो भात खाल्ला नाही. तिला तुम्ही तसंच वाढवलेलं. लग्न होऊन आली तेव्हापासून बघतेय, रात्रीचं पातेलं घासायला टाकताना उरलेला भात सरळ डब्यात, कचऱ्याच्या. माझा जीव तुटायचा. पण सुनेला रोज काय बोलायचं? म्हणून तिनं पातेलं उचलायच्या आधी मी उठून भात बाजूला काढायला शिकले.

पण तुमचं नाक भारी होतं, हे मानलं पाहिजे. पंधरा-वीस दिवसांतच तुम्ही नाकाचा पदर काढून जवळ यायला लागलात. खायला नाही, तपासायला. मी डबा उघडला की तुम्ही वाकून वास घ्यायचात. "हा चालेल." "हा नक्को, ह्याला तार सुटलीय." उन्हाळ्यात तर तुम्ही मला दमच दिलात. भात जेवणं झाल्यावर ओट्यावर तसाच ठेवायचा नाही, परातीत पसरायचा, गार झाला की लगेच फ्रिजमध्ये. एकदाच गरम करायचा, तोही चांगला वाफाळेपर्यंत. उरलेल्याचा उरला तर खरंच टाकायचा. मी सगळं ऐकलं. शिळं न खाणाऱ्या बाईकडून शिळ्याचे कायदे ऐकले!

आणि मग ते भांडण. गारठलेला भात उठवायचा, पुन्हा मऊ-मोकळा करायचा कसा?

मी आपली माझ्या पद्धतीनं करायची. फ्रिजमधला भात दगड असतो. त्याच्यात चमचा घातला की शितं मोडतात आणि त्याची लापशी होते. म्हणून हात पाण्यात बुडवायचा, बोटांच्या पेरांनी एकेक गाठ सोडवायची, लहान मुलीचे गुंतलेले केस सोडवतात तशी. ओढायचं नाही. मग पाण्याचा हबका मारायचा, झाकण ठेवायचं, गॅस बारीक, झाकणावरही थोडं पाणी. वाफ आली की भात उठतो. मग त्याला बगार. मायक्रोवेव्हचं नाव काढू नका, त्यात कडेचा भात खडा होतो आणि मधला गारच राहतो.

तुम्ही बघत होतात आणि तुम्हाला राहवेना. "असं नाही हो. डाळ शिजतेय ना, त्या पातेल्यावर चाळणी ठेवा. चाळणीत ओलं फडकं, फडक्यात भात. डाळीच्या वाफेवर आपोआप होतो. गॅस वेगळा कशाला?"

मी करून बघितलं. विहीणबाई, तसा भात मी जन्मात उठवला नव्हता. एकेक शीत सुटं, वर डाळीचा हलका वास. मी नुसती कौतुक करत राहिले. आता वाटतं, मला त्याच वेळी कळायला पाहिजे होतं. ज्या घरात शिळा भात चुलीवर चढतच नव्हता, त्या घरच्या बाईला चाळणी कुठून माहीत?

कळलं ते पुढं पावसाळ्यात. मी विद्यानगरला भजनाला निघाले, स्टॉपवर पोचले आणि चष्मा घरी राहिला म्हणून परत आले. किल्लीनं दार उघडलं. घरात आवाज नाही. म्हटलं, तुम्ही झोपलात. स्वैपाकघरात बघते तर तुम्ही स्टुलावर बसलेल्या, कढई मांडीवर, टॉवेलवर ठेवून, आणि उलथन्यानं तळाची खरवड काढून खाताय. सकाळी मी सुनीलसाठी परतलेला भात. डोळे मिटून खात होतात. मी इतके दिवस तुम्हाला जेवताना बघत होते, पण तोंडात घास असताना तुमचे डोळे मिटलेले कधी बघितले नव्हते.

"मीठ बघत होते," म्हणालात.

"कढई संपेपर्यंत?" मी विचारलं.

आणि मग तुम्ही इतक्या हसलात की कढई पडता पडता राहिली. हसता हसता डोळ्याला पदर लावलात, आणि तो पदर लवकर खाली आलाच नाही. मग सांगितलंत. तुमचे वडील बिदरकडच्या एका खेड्यात पुजारी. देवाला वाढलेला भात संध्याकाळी घरी यायचा, तोच तुमचं रात्रीचं जेवण आणि उरला तर सकाळची न्याहारी. आई डाळीवर चाळणी ठेवायची, एवढ्याशा तेलात हिंग-मोहरी घालायची, आणि तुम्ही भावंडं त्या खरवडीसाठी मारामारी करायचात. पुढं रूप चांगलं म्हणून जामबागेच्या वकिलांच्या घरी पडलात. नवीन असताना सगळ्या बायका जेवायला बसलेल्या, सासूबाईंनी सहज विचारलं, सूनबाई, तुमच्या माहेरी सकाळी न्याहारीला काय असतं? तुम्ही खरं सांगितलंत. पोर वयाच्या तुम्ही, तुम्हाला काय माहीत, खरं कुठं सांगायचं नसतं.

"सगळ्या हसल्या हो," म्हणालात. "वाईट म्हणून नाही. नुसतंच हसल्या. मग कितीतरी दिवस, शिळं काही उरलं की कुणीतरी म्हणायचं, ठेवा ते सूनबाईंच्या न्याहारीला."

त्या दिवसापासून तुम्ही त्या घरच्याहून जास्त त्या घरच्या झालात. शिळं म्हटलं की नाकाला पदर. लेकीलाही तसंच शिकवलंत, तिला कुणी कधी हसू नये म्हणून. आणि मग माझा हात धरलात. "मंजिरीला सांगायचं नाही. तिला तिचं आजोळ मोठं वाटतं. वाटू दे."

मी शपथ घेतली. मला काय, मी जन्माची बडबडी, पण ती गोष्ट मी सांभाळली.

आणि सांभाळताना काय काय सोसलं ते तुम्हीच बघितलं आहे! तुम्हाला दुपारी भात मिळावा म्हणून मी रात्री मुद्दाम जास्त लावायला लागले. रोज उरायचा. मंजिरी म्हणायची, "आत्याबाई, आपण पाच माणसं, रोज एवढा कसा उरतो?" मी म्हणायची, अंदाज चुकतो गं, वय झालं. ती बिचारी काळजीत पडली. सुनीलला म्हणाली, आत्याबाईंना मापं आठवत नाहीत, दाखवून आणू या. आणि माझ्या डोक्याची तपासणी झाली, विहीणबाई! तुम्ही शेजारच्या खुर्चीवर, चेहरा असा गंभीर, जसं काही माझी दया येतेय.

डॉक्टर म्हणाले, "अम्मा, कल क्या खाए थे, याद है?" मी त्यांना कालचं सांगितलं, परवाचं सांगितलं, मागच्या इतवारी कुणाच्या ताटात किती पोळ्या होत्या ते सांगितलं. ते सुनीलला म्हणाले, "इनकू घर लेके जाओ. इनका दिमाग मेरे से अच्छा है." बाहेर आल्यावर तुम्ही माझ्या कानात म्हणालात, "मग आज रात्री किती लावणार?" मला रस्त्यात हसायला आलं, आणि मंजिरीनं सुनीलकडं बघितलं, की बघा, एकट्याच हसतात.

लसणाचं मात्र आपलं शेवटपर्यंत मिटलं नाही. तुम्ही म्हणायचात, हिंगाशिवाय काही नको. मी म्हणायची, ठेचलेला लसूण लाल झाल्याशिवाय बगाराला अर्थ नाही. तुम्ही म्हणायचात, तुमचा भात दोन गल्ल्या सोडून कळतो. मी म्हणायची, कळावाच. एक दिवस तुमचा, एक दिवस माझा, असं चालायचं, आणि तुमच्या दिवशी मी तक्रार करत खायची, माझ्या दिवशी तुम्ही. पण दोघींच्याही दिवशी कढई रिकामीच व्हायची. दुपारचं ते घर, पंख्याचा आवाज, खाली भाजीवाल्याची हाक, आणि आपण दोघी म्हाताऱ्या एका कढईत. सासरी मला जाऊ नव्हती, माहेरी बहीण नव्हती. ते सगळं मला ह्या वयात मिळालं, आणि ते मी तुम्हाला कधी बोलून दाखवलं नाही. वाटलं, हे काय बोलायचं. बोलायला पाहिजे होतं.

तुम्ही गेलात तेही कुणाला त्रास न देता. अंघोळ करून गॅलरीत खुर्चीवर बसलात आणि बसूनच राहिलात. मग माणसं आली. समोरच्या घरच्या बायका आल्या, आमचं स्वैपाकघर हातात घेतलं. घरातलं शिजलेलं सगळं काढायचं असतं, माहीत आहे मला, मीही दुसऱ्यांच्या घरी जाऊन काढलेलं आहे. दूध गेलं, भाजी गेली. शेवटी फ्रिजमधला तो स्टीलचा डबा. मी दारात उभी होते. त्या बाईंनी तो पिशवीत उलटा केला तेव्हा मला ओरडावंसं वाटलं, अहो, तो त्यांच्या दुपारचा आहे. पण ओरडून सांगणार काय? शपथ होती ना.

म्हणून मंजिरी टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली तेव्हा मी आधी गप्प बसले. पाणी दिलं. पाठीवरून हात फिरवला. मनात तुम्हाला विचारत होते. तुम्ही तिला आजोळ मोठं ठेवायला सांगितलं होतं, पण तिच्याकडं आई किती उरली होती? पुरण करणारी, वाढणारी, सगळ्यांचं झाल्यावर जेवणारी. ती काय, फोटोतही आहे. डोळे मिटून खरवड खाणारी होती ती एकट्या माझ्याजवळ. आणि मीही आता किती दिवसांची?

विहीणबाई, मी सांगितलं. सगळं. शपथ मोडली. रागवायचं तर रागवा.

आणि काय झालं सांगू? ती आधी तुमच्यावर नाही रागावली, माझ्यावर रागावली. डोळे पुसून म्हणाली, "तुम्हाला सांगितलं तिनं. मला नाही." मी म्हटलं, अगं, तुला कुणी हसू नये म्हणून. ती म्हणाली, "मी हसले असते का? मी तिची मुलगी आहे." मग उठली, स्वैपाकघरात गेली, आणि कचऱ्याच्या डब्याकडं बघत उभी राहिली. "पातेल्यात राहिलेला भात मी रोज रात्री तिच्यासमोर टाकायची, आत्याबाई. ती बघायची. काही बोलायची नाही."

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. मला वाटलं, चुकलंच माझं. मेलेल्या माणसाची गोष्ट उघडी केली आणि जिवंत माणूस दुखावलं. रात्री भाताचं पातेलं बघवेना.

तिसऱ्या दिवशी, पानाच्या आदल्या संध्याकाळी, मी भात लावायला उठले तर ती म्हणाली, "तुम्ही बसा, मी लावते." मी बघितलं, तिनं तांदूळ घेतले ते घेतच राहिली. सुनील म्हणाला, "उद्या कुणी जेवायला आहे का?" ती म्हणाली, "हौ." जेवणं झाल्यावर तिनं परात काढली, भात पसरला, गार झाला तसा डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवला. मी सलग दुसऱ्यांदा गप्प बसले, लिहून ठेवा.

पानात शिळं चालत नाही, हे तिलाही माहीत, मलाही. तुमचं पान रीतीप्रमाणं ताजंच वाढलं, पुरणावर तूप, अळू, खीर, सगळं. नमस्कार झाला. सुनील आणि ईशा जेवायला बसले. मंजिरी बसली नाही. फ्रिज उघडून डबा काढला आणि माझ्यापुढं ठेवला. "शिकवा."

मी तिचा हात पाण्यात बुडवला. ती घाईची, तुम्हाला माहीतच आहे. आधी चार शितं मोडली. म्हटलं, ओढू नको. मग जमलं. दुसऱ्या बाजूला मी डाळ चढवली, चाळणी ठेवली, ओलं फडकं घातलं. वाफ येईपर्यंत ती ओट्याला टेकून उभी होती. मग तिनं स्वतः फोडणी केली, स्वतः परतला, आणि खाली जरा लागू दिला. पहिला घास घेतला आणि दुसऱ्यासाठी उलथन्यानं तळाची खरवड काढली.

मग म्हणाली, "हे ती दुपारी एकटी बसून खायची?"

मी म्हटलं, "एकटी नाही गं. मी होते ना."

त्यावर तिनं माझ्याकडं बघितलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा नीट बघितलं. आणि कढई मधे सरकवली.

हे सगळं मी तुम्हाला कालच सांगणार होते, पण आज संध्याकाळपर्यंत थांबले ते बरंच झालं. आज सकाळी मंजिरी ऑफिसला जाताना डबा भरत होती. मी बघितलं, पोळी-भाजी नाही. परतलेला भात. म्हटलं, अगं, ऑफिसात नेतेस? लोक बघतील. तोंडातून निघून गेलं बघा. ती म्हणाली, "बघू देत की." आणि गेली. मग दिवसभर माझं कशात लक्ष लागेना. देवाजवळ बसले, उठले. दुपारी गॅलरीत जाऊन उभी राहिले. आपल्या दोघींची वेळ ती. मनात एकच, तिथं पोरीला कुणी काही बोललं तर?

संध्याकाळी आली. चपला काढायच्या आधी मी विचारलं, "काय झालं?"

"काय व्हायचं? सगळ्यांनी विचारलं, डब्यात काय आहे. मी सांगितलं, कालचा भात. माझ्या आजोळची न्याहारी."

"कुणी हसलं का?"

"हौ, एकजण हसली," मंजिरी म्हणाली. "मी तिला म्हटलं, हसतेस काय, चमचा आण आधी."